आम्ही पुण्यात फ्लश करतो, आईबाबा गावाकडं तेच पितात (भीमा खोरं, उजनी आणि मैलापाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, म्हणजे एसटीपीचं, गौडबंगाल)

उजनीकाठ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि लांबलाय, आधीच माफी.

मी मूळचा इंदापूर तालुक्यातला, उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावरचा. आजोबांची काळी जमीन धरणात गेली, जुनं गाव पाण्याखाली गेलं, आम्ही वर माळावर येऊन बसलो. १९८० ला धरण झालं तेव्हापासून घरात एक वाक्य ठरलेलं, जमीन गेली पण पाणी तरी आलं. मागच्या महिन्यात घरी गेलो तर आईनं कळशीतलं पाणी ग्लासात ओतून उजेडाला धरलं, हलका हिरवट रंग, वास कुबट, आणि म्हणली "हे बघ, तुमच्या पुण्याचं आलंय". गंमतीनंच म्हणली पण माझ्या डोक्यातून जाईना, कारण मी कोथरूडला राहतो.

मग बसून नकाशाच काढला. माझ्या बाथरूममधलं पाणी मुठेत, मुठा संगमावर मुळेला मिळते, त्याआधी दापोडीला पवना येऊन मुळेला मिळालेली म्हणजे पिंपरी-चिंचवड पण आलं त्यात, तिथून मुंढवा, मांजरी, थेऊर करत रांजणगाव सांडसला मुळामुठा भीमेत. आणि भीमेत वर तुळापूरला इंद्रायणी आधीच आलेली, तिच्यात आळंदीचा फेस सगळ्यांनी फोटोत बघितलाच असेल. पुढं दौंड आणि मग आमचं उजनी. म्हणजे मी सकाळी साताला जे सोडतो ते काही दिवसांनी आईच्या हंड्यात. मध्ये आहे काय तर पाण्यातले जीवाणू, ऊन आणि आमच्या ग्रामपंचायतीची टीसीएल (क्लोरीनची) पावडर.

त्यात उजनीचं गणित वेगळंच. एकूण पाणी ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पण त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं, वापरायचं ५३.५७. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे मृतसाठ्याला हात लागला, की बातम्या येतात टँकर लागणार आवर्तन नाही वगैरे, पण मायनसमध्ये उरलेलं पाणी कसलं असतं यावर कुणी बोलत नाही. घाण तेवढीच, पाणी कमी, म्हणजे काढा आटवल्यासारखं.

मला प्रश्न एकच पडलाय. धरणातलं पाणी मोजतं पाटबंधारे खातं, मैलापाणी महापालिकांचं, शहराबाहेर वाढलेल्या वस्तीचं पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नाहीतर ग्रामपंचायत, कारखान्यांचं एमआयडीसी, तपासणी प्रदूषण मंडळ, विहिरी-बोअर भूजलवाले, प्यायचं पाणी जीवन प्राधिकरण नाहीतर जिल्हा परिषद. नदी एक आणि मालक सात. या सातांना एका टेबलावर बसवणारं कोणी आहे का आपल्याकडं? असेल तर ते काय करतं? जाणकारांनी लिहा.

तिखटमीठ

वाचतेय. "काढा आटवल्यासारखं" वाचून चहा बाजूला ठेवला.

स्लजमास्तर

मी नऊ वर्षं एसटीपीवर काढली, कुठल्या ते विचारू नका, त्यामुळे थोडं आतलं लिहितो.

पहिली गोष्ट, पेपरात येतं अमुक एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमता. ती क्षमता कागदावरची. प्लांटपर्यंत मैला पोचला तर ना. गटारलाईनच नाही अशी निम्मी नवी उपनगरं, तिथलं सगळं ओढ्यात, आणि ओढा सरळ नदीत. म्हणजे एकीकडं प्लांट अर्धा उपाशी आणि दोनशे मीटरवर नाला काळाकुट्ट वाहतोय, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी गोष्ट वीज. मैलापाण्यात हवा सोडतो ते ब्लोअर हा सगळ्यात खाऊ प्राणी, बिलाचा मोठा हिस्सा त्याचाच. ठेकेदाराला रेट परवडत नसेल तर रात्री ब्लोअर बंद, सकाळी सॅम्पलवाले यायच्या आधी चालू. टाकीतले जीवाणू म्हणजे आपले खरे कामगार, त्यांना रोज रात्री हवा नाही मिळाली तर ते मरायला लागतात, आणि मग प्लांट लवकर ताळ्यावर येत नाही.

तिसरं, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा आकडा. आपल्याकडं २७ डिग्रीला तीन दिवस ठेवून काढतात. म्हणजे आज सॅम्पल घेतलं तर आकडा तीन दिवसांनी, तोवर ते पाणी पार पुढं गेलेलं. उद्या कुणी रात्री टँकर रिकामा केला तर मासे मरतात ते आधी दिसतं, रिपोर्ट नंतर येतो.

आणि उजनीकाठ, तुमच्या आईच्या ग्लासातला हिरवा रंग, त्याला बीओडी जबाबदार नाहीच मुळात. तो फॉस्फरस आणि नायट्रोजन. साबण, मैला, शेतातलं खत. समजा पुण्याने सगळा मैला बीओडी १० पर्यंत शुद्ध केला तरी साध्या प्लांटमधून फॉस्फरस बराचसा तसाच सुटतो, आणि उजनीसारख्या थांबलेल्या उथळ पाण्यात जाऊन शेवाळाला आणि जलपर्णीला जेवण होतं. २०१७ ला एसटीपीचे जे नियम आले त्यात नायट्रोजन-फॉस्फरस वगळलेच होते. २०१९ ला हरित लवादाने कडक आकडे सांगितले, त्यात तलावात सोडायचं असेल तर फॉस्फरसची मर्यादा होती. पण पुण्याचा प्लांट कागदावर "नदीत" सोडतो ना! खाली शंभर किलोमीटरवर तलाव आहे हे त्या प्लांटच्या परवान्याला माहीतच नाही.

उजनीकाठ

मास्तर, शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या अख्ख्या धाग्याचा सारांश आहे, मी उगाच एवढं टाइप केलं.

पेठेतला

दरवेळी पुण्यालाच का झोडायचं? पुण्यासाठी जपानच्या जायकाकडून कर्ज घेऊन ९९० कोटींची योजना आहे, ११ नवे प्लांट, ३९६ एमएलडी. आणि खडकवासल्याचं पाणी आम्हाला मिळतं त्याच्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायची विहीर) साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं ठरलंय. त्यावर शेती होतेच की. ऊस काय हवेवर येतो का? शेतकऱ्याच्या खताचा हिशोब कोण मागणार?

बेबी_कालवा

पेठेतले काका, मी त्याच कालव्यावरचा, यवतकडचा. पाणी येतं खरं, बारा महिने येतं, खोटं बोलणार नाही, पिकाला खत कमी लागतं असंही आमच्याकडं गमतीनं म्हणतात. पण कालव्याच्या कडेच्या विहिरी बघायला या एकदा. विहिरीचं पाणी दुधाळ, अंगाला खाज, पिण्यासाठी सगळं गाव जारवर. वीस लिटरचा जार रोज. आधी विहीर फुकट होती. "प्रक्रिया केलेलं" हा शब्द जॅकवेलच्या अलीकडं वापरतात, पलीकडं आम्ही त्याला दुसरा शब्द वापरतो तो इथं लिहिता येत नाही. जायका जायका आम्हीपण २०१६ पासून ऐकतोय.

खताचं मात्र बरोबर बोललात. आमच्यात युरिया मोजून कोण टाकतंय. उसाला पाणी सोडलं की सगळं ओढ्याला.

कायद्याचं_बोला

"सातांना एका टेबलावर बसवणारं कोणी आहे का" याचं उत्तर देतो. कागदावर आहे. एकदा नाही, तीनदा आहे.

एक, १९५६ चा नदी मंडळ कायदा, केंद्राचा. आंतरराज्य नद्यांसाठी खोऱ्यानुसार मंडळं काढायची तरतूद. आजपर्यंत त्या कायद्याखाली एकही मंडळ निघालेलं नाही. एकही. सत्तरीला टेकलेला कायदा आहे आणि लग्नच झालं नाही.

दोन, कृष्णा पाणी तंटा. बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं (शंभरातल्या ७५ वर्षांत मिळेलच असं) २०६० टीएमसी पाणी वाटलं, महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. भीमा त्याच खोऱ्यातली. टीएमसीच्या दशांशावर वर्षानुवर्षं युक्तिवाद झाले, पण ते टीएमसी कसलं पाहिजे, प्यायच्या लायकीचं की नाही, हा प्रश्न वाटपात कुठं आलाच नाही. आपली सगळी पाण्याची भांडणं लिटरची आहेत, मिलिग्रॅमची नाहीत.

तीन, आपला २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा. देशात असला कायदा करणारे आपण पहिले, पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. त्यात खोरे अभिकरण, म्हणजे खोऱ्याचा कारभार बघणारी संस्था, हा शब्द आहे, एकात्मिक राज्य जल आराखडा आहे, आणि जो प्रदूषण करेल त्याने पैसे मोजायचे हे तत्त्वसुद्धा चक्क लिहिलंय. आता गंमत ऐका. ही खोरे अभिकरणं म्हणजे कोण? तर आधीचीच पाच पाटबंधारे महामंडळं, कृष्णा खोरे, गोदावरी मराठवाडा, तापी, विदर्भ, कोकण. ज्यांचा जन्म धरणं आणि कालवे बांधायला झाला त्यांनाच सांगितलं की आता तुम्ही खोरं सांभाळा. त्यांच्याकडं इंजिनियर आहेत, रोलर आहेत, विश्रामगृहं आहेत, पण मैलापाण्यावर त्यांचा काडीचा अधिकार नाही. तो १९७४ च्या जल कायद्याने प्रदूषण मंडळाकडे, आणि मंडळाची रचना जिल्ह्याप्रमाणे कार्यालयं, नदीप्रमाणे नाही. पुण्याचं कार्यालय वेगळं, सोलापूरचं वेगळं. नदीने हद्द ओलांडली की फाईल बदलते.

जाता जाता, नदीकाठी किती अंतरात कुठला उद्योग नको हे सांगणारं नदी नियमन क्षेत्र धोरण २००० साली आपल्याकडंच आलं होतं, २००९ ला सुधारलं आणि २०१५ च्या फेब्रुवारीत रद्द केलं. कारण दिलं उद्योगस्नेही वातावरण. आणि केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात सगळ्यात जास्त ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशाचे ३११ झाले, म्हणजे कमी झाले, आणि आपले ५५.

तिखटमीठ

देशाचे कमी झाले आणि आपले वाढले?? आम्ही नंबर एक सोडणार नाही म्हणजे नाही.

पंचगंगेचा_पैलवान

भावा आमच्याकडं या की. पंचगंगा. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत एवढीशी नदी, एका जिल्ह्यातली, कर्नाटक नाही आंध्र नाही, लवाद नाही. तरी झालं का काय? कोल्हापुरातनं जयंती नाला, खाली इचलकरंजीचं प्रोसेसिंगचं रंगीत पाणी, मधी साखर कारखान्याची मळी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली ओ. त्यानंतर किती बैठका किती पाहणी किती पंचनामे.

आन आमच्याकडं अजून एक भानगड, केटी बंधारे. नदीवर ओळीनं बंधारे, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की प्रत्येक बंधाऱ्यामागं पाणी तुंबून काळं होतंय, आन पाण्याची मागणी आली की एक दिवशी बरगे काढत्यात. काढलं की वरचं सगळं काळं पाणी एकदम खाली लोंढ्यानं. तेरवाड बंधाऱ्याला मासं मरून तरंगत्यात ते असंच बऱ्याचदा. शिरोळची लोकं मेलेली मासं घेऊन आंदोलन करत्यात. आता मला सांगा बरगे काढणारा पाटबंधारेचा, तो म्हणतो मला पाणी सोडायचा आदेश होता. घाण सोडणारा म्हणतो माझं आउटलेट बरोबर हाय. दोघंबी खरं बोलत्यात आन मासं मेलेलं.

म्हणून मी म्हणतो खोरं लहान असो मोठं असो, पाणी सोडायची चावी आन घाण रोखायची चावी एकाच जुडग्यात पायजे.

शंकासूर

सगळं मान्य, पण पुढचं पाऊल मला दिसतंय. "भीमा खोरे व्यवस्थापन प्राधिकरण" निघणार, त्यावर निवृत्त सचिव बसणार, लोगो येणार, एक महोत्सव होणार ज्यात नदीची आरती, आणि मालक सातचे आठ होणार. गंगेचं बघा ना, १९८६ पासून कृती आराखडा, मग नमामि गंगे २०,००० कोटी. माझा खोऱ्यावर विश्वास आहे, आपल्या खात्यांवर नाही.

रहिमतपूर_ते_र्‍हाईन

शंकासूर यांचा मुद्दा रास्त आहे, म्हणून मी राहतो तिथलं सांगतो. जर्मनीत डॉर्टमुंडला आहे, इथून एम्शर नावाची नदी जाते. रुहर भागात कोळशाच्या खाणी. जमीन खचायची म्हणून जमिनीखाली गटारं घालता यायची नाहीत, तेव्हा यांनी नदीलाच काँक्रीटची उघडी गटार करून टाकलं. शंभर वर्षं. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, लहानपणी तिकडं जायला बंदी, पडलास तर बुडण्याआधी वासानेच मरशील.

१८९९ मध्ये सगळी गावं, खाणी, कारखाने यांची मिळून एक संस्था केली, एम्शरगेनोसेनशाफ्ट. गेनोसेनशाफ्ट म्हणजे आपल्या भाषेत सहकारी संस्था हो! साखर कारखान्यासारखी. हद्द जिल्ह्याची नाही, नदीच्या पाणलोटाची. सभासद कोण तर जो पाणी घाण करतो तो. वर्गणी किती तर ज्याची घाण जास्त त्याची जास्त. गटार, प्लांट, पूर, काठ सगळं तिच्याकडं. खाणी उत्तरेकडं सरकल्यावर १९९२ च्या सुमारास ठरवलं की आता नदी परत नदी करायची. ५१ किलोमीटरचा मुख्य भूमिगत नळ घातला, साडेपाच अब्ज युरोच्या आसपास खर्च, तीस वर्षं लागली, आणि २०२१ च्या शेवटी एम्शरमधून मैला पूर्ण बंद झाला. आता मी मुलीला सायकलवरून काठाने नेतो.

आपल्याला जर्मन व्हायला सांगत नाहीये. इथेही तीस वर्षं लागली आणि पैसा ओतला. मुद्दा एवढाच की ती संस्था सरकारी खात्यासारखी वरून आली नाही, घाण करणाऱ्यांनाच सभासद करून त्यांच्याकडून वर्गणी घेतली. सहकार आपल्याला शिकवायची गरज आहे का?

शंकासूर

सहकार म्हणालात आणि माझी शंका दुप्पट झाली 😀 पण वर्गणीचं सूत्र आवडलं. पुणे महापालिकेने सोलापूरला वर्गणी द्यायची, हे सभागृहात मांडणारा नगरसेवक दाखवा आणि हजार रुपये मिळवा.

सोलापुरी_चादर

सोलापूरचं नाव निघालं म्हणून लिहायलोय. आम्हाला नळाला चार-पाच दिवसाआड पाणी. शेजारी एवढं धरण. का तर आमच्यासाठी उजनीतनं नदीत पाणी सोडतात, ते वाहत वाहत येऊन औज बंधारा भरतो, मग तिथनं उचलायचं. शहराला प्यायला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी नुसतं नदी भिजवण्यात आणि वाटेतल्या मोटारींना जातं. आता समांतर पाइपलाइन वगैरे चाललंय.

पण गंमत बघा, ते नदीत सोडलेलं पाणी "वाया" गेलं म्हणतात सगळे. पंढरपुरात चंद्रभागेला पाणी दिसतं ते त्यामुळेच. पाइपलाइन पूर्ण झाली की नदीत कशाला कोण सोडेल? मग वाळवंटात उरणार फक्त पंढरपूरचं आणि वरच्या गावांचं सांडपाणी. वारीच्या तोंडावर सोडतील तेवढंच. पाणी वाचवायची एक योजना आणि नदी मारायची दुसरी, दोन्ही एकच योजना.

स्लजमास्तर

चादरराव, हे फार महत्त्वाचं बोललात. विरळ करायला नदीत स्वच्छ पाणीच नसेल तर कितीही चांगला एसटीपी असो, प्लांटमधून निघालेलं पाणी म्हणजेच नदी होते. खडकवासल्याच्या खाली जानेवारीत मुठेत वाहतं ते बहुतेक आपलंच. गंगेसाठी २०१८ मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली, उगमापासून हरिद्वारपर्यंत महिन्याप्रमाणे टक्केवारी ठरवून, आणि पुढं उन्नावपर्यंत बंधाऱ्यांवर किमान प्रवाह ठरवून. हरिद्वारपर्यंत कोरड्या महिन्यांत २० टक्के, पावसाळ्यात ३०. तेवढ्या भागात तरी धरणवाल्यांना नदीचा हिस्सा सोडावा लागतो. भीमेला, मुठेला असलं काही नाही. आपल्याकडं धरणाचं वाटप म्हणजे पिणे, उद्योग, शेती. नदी नावाचा ग्राहकच नाही.

पेठेतला

बरं मी थोडा नरमलोय. पण मला एक व्यावहारिक सांगा, खोऱ्याची संस्था वगैरे होईल तेव्हा होईल, आत्ता कोणी काय बदललं तर उजनीत फरक पडेल? एकच गोष्ट सांगायची.

कायद्याचं_बोला

माझ्या मते परवाना. आज प्रत्येक प्लांटला, कारखान्याला वेगवेगळी मर्यादा, लिटरमागे इतके मिलिग्रॅम. शंभर जणांनी शंभर मर्यादा पाळल्या तरी बेरीज नदीला झेपणारी आहे का हे कुणी बघत नाही. उजनी वर्षाला किती फॉस्फरस पचवू शकते ते आधी ठरवा, मग तो वर वाटून द्या, पुण्याला इतका, चिंचवडला इतका, चाकणला इतका, उसाला इतका. टीएमसी वाटतो तसाच. नवीन इमारतीला परवानगी द्यायची तर त्या कोट्यातून. यासाठी नवा कायदा लागत नाही, २००५ च्या कायद्यातला आराखडा आणि १९७४ च्या कायद्यातली संमती एकमेकांना जोडली तरी होतं.

स्लजमास्तर

माझ्या मते वीज. प्लांटच्या ब्लोअरचं मीटर रीडिंग तासातासाचं लोकांना दिसू द्या. बीओडी खोटा लिहिता येतो, मीटर खोटं करणं अवघड. आणि गावाकडं जलजीवन मिशनवाल्यांनी प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवलंय, ते किट बऱ्याच ठिकाणी कपाटात आहे, ते काढा. थेऊरपासून पळसदेवपर्यंत दर सोमवारी सगळ्या गावांनी एकाच दिवशी तपासलं तर घाण कुठं वाढते ते रेषेत दिसेल.

बेबी_कालवा

आमच्या गावात किट आहे. वहिनीच आहेत त्यात. विचारतो.

उजनीकाठ

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं मीटरचं वाचून रात्री झोप लागेना म्हणून काल एक उद्योग केला. आमच्या सोसायटीला स्वतःचा एसटीपी आहे, फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये होता, बागेला पुनर्वापर वगैरे. आठ वर्षांत मी तो बघितला नव्हता. वॉचमनकाकांना घेऊन बेसमेंटात गेलो. दार उघडायला गंजलेल्या कुलपावर तेल टाकावं लागलं. ब्लोअरचा पट्टाच नाही. मीटरचं रीडिंग आणि देखभालीच्या वहीतलं शेवटचं रीडिंग सारखंच, वही दोन वर्षांपूर्वीची. बायपासचा व्हॉल्व्ह उघडा, सगळं थेट बाहेरच्या लाईनला. देखभालीचे पैसे मात्र दरमहा माझ्या मेंटेनन्समध्ये लागतायत, आणि बागेला टँकर येतो.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली "मग आमच्याकडं पाठवायच्या आधी तेवढा पट्टा तरी बसव".

रविवारी सोसायटीची सभा आहे. मास्तर, १८० फ्लॅट, पट्टा कुठल्या साइजचा लागेल आणि जीवाणू परत वाढवायला काय करायचं ते सांगा, कोणीतरी शेण टाका म्हणतंय.

स्लजमास्तर

पट्ट्याचा नंबर ब्लोअरच्या पुलीवर नाहीतर जुन्या बिलावर मिळेल, फोटो टाका. शेण टाकू नका हो, बरेच जण टाकतात आणि फसतात. चालू असलेल्या एखाद्या चांगल्या प्लांटवरून एक टँकर जिवंत स्लज (जीवाणूंचा गाळ) आणा, सुरुवातीला थोडंच मैलापाणी घ्या, ब्लोअर रात्री पण चालू ठेवा, तीन-चार आठवडे लागतील. फेस आला तर घाबरू नका, सुरुवातीला येतो. बायपासच्या व्हॉल्व्हला मात्र आजच कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडं ठेवा.

पेठेतला

आमच्या पण बिल्डिंगला आहे एक. खाली जाऊन येतो.